सशांची प्रजननक्षमता आणि आहारातील खनिजे

अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर आणि ग्रामीण भागातील महिला यांना थोड्या जागेत व मर्यादित भांडवलात करता येण्याजोग्या शेतीपूरक व्यवसायांत ससेपालनाची गणना होते. ससा गवत, पालेभाज्यांचा टाकाऊ पाला, लसूणघास आणि थोडासा खुराक यांवर वाढतो. त्याला गाई-म्हशींप्रमाणे मोठा गोठा लागत नाही आणि त्याची वीण जलद होते. हा व्यवसाय मांडताना जे कागदी हिशेब केले जातात, ते मुख्यतः या जलद विणीवरच आधारलेले असतात.

प्रत्यक्षात मात्र हिशेब चुकतो तो नेमका याच ठिकाणी. एका मादीची वर्षाकाठी पाच वेते झाली आणि दर वेतातील सहा पिल्ले जगली, तर तीस पिल्ले हाती येतात. तीच मादी तीनदाच व्याली आणि दर वेतात चारच पिल्ले जगली, तर वर्षअखेर केवळ बारा पिल्ले उरतात. पिंजरा तोच, मजुरी तीच आणि चारा-खुराकाचा खर्चही जवळजवळ तितकाच. उत्पन्न मात्र निम्म्याहूनही कमी. कर्ज काढून व्यवसाय उभारणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक नफा आणि नुकसान यांच्यामधील फरक असतो.

माद्या गाभण राहत नाहीत किंवा मेलेली पिल्ले देतात असे दिसू लागले की, पालकाचा पहिला कल बाजारातून एखादी खनिज पूड अथवा शक्तिवर्धक औषध आणण्याकडे असतो. ही पूड कधी उपयोगी पडते, कधी निरुपयोगी ठरते आणि कधी अपायही करते. यास्तव खनिजांचे कार्य काय, त्यांची गरज किती आणि त्यांची मर्यादा कोठे संपते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सशाच्या प्रजननाची वैशिष्ट्ये

गाय किंवा शेळी ठरावीक दिवसांच्या अंतराने माजावर येते. सशाच्या मादीत असे नियमित ऋतुचक्र नसते. तिच्या बीजांडकोशात बीजे तयार होत राहतात. परंतु ती बाहेर पडण्यासाठी नराचा संयोग व्हावा लागतो. संयोगानंतर सुमारे दहा ते बारा तासांनी बीजमोचन होते. गर्भकाळ सरासरी एकतीस दिवसांचा असतो. मध्यम वजनाच्या जातींत एका वेतात साधारणतः सहा ते आठ पिल्ले जन्मतात. जन्मतः ती उघडी, आंधळी आणि पूर्णपणे आईच्या दुधावर अवलंबून असतात.

मादी पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच आणि तेही काही मिनिटेच पाजते. एवढ्या अल्प वेळात पिल्लांना पुरेसे पोषण मिळते, कारण हे दूध अत्यंत कसदार असते. त्यात प्रथिने व स्निग्धांश प्रत्येकी सुमारे बारा टक्के असतात. गाईच्या दुधात खनिजांचे प्रमाण सुमारे ०.७ टक्का, तर सशाच्या दुधात ते दोन टक्क्यांहून अधिक असते. व्याल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे प्रमाण सर्वाधिक होते. चांगली दुभती मादी या काळात दिवसाला दोनशे ग्रॅम किंवा त्याहून अधिक दूध देते. अवघ्या तीन-चार किलो वजनाच्या प्राण्याने दररोज एक ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम दुधावाटे देणे, हा तिच्या शरीरावर पडणारा मोठाच भार होय.

हा भार आहारातून भरून निघाला नाही तर मादी तो आपल्या हाडांतून पुरवते. त्यामुळे खनिजांची उणीव प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. पहिले वेत बरे जाते, पिल्ले धडधाकट दिसतात आणि आहारात काही न्यून आहे अशी शंकाही येत नाही. त्रास दिसू लागतो तो पुढील वेतांत. तोपर्यंत पालकाचा विश्वास आपल्या खुराकावर बसलेला असतो आणि दोष मात्र मादीला दिला जातो.

कॅल्शियम आणि स्फुरद

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९७७ साली सशांच्या पोषणगरजांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यानुसार वाढत्या पिल्लांच्या आहारात कॅल्शियम ०.४० टक्का व स्फुरद ०.२२ टक्का असावे. गाभण मादीच्या आहारात ते अनुक्रमे ०.४५ व ०.३७ टक्का, तर दुभत्या मादीच्या आहारात ०.७५ व ०.५० टक्का असावे. पुढे युरोपातील व्यापारी ससेपालनासाठी दुभत्या मादीला याहून अधिक, म्हणजे १.१ ते १.२ टक्के कॅल्शियम सुचवण्यात आले. कारण तेथील माद्या अधिक वेळा वितात आणि अधिक दूध देतात. आपल्याकडील घरगुती ससेपालनासाठी पहिले कोष्टक किमान मर्यादा म्हणून उपयोगी पडते. दुभत्या मादीची गरज रिकाम्या अथवा गाभण मादीपेक्षा कितीतरी अधिक असते, हा त्यातील मुख्य बोध आहे. सर्व पिंजऱ्यांत एकच खुराक एकाच मापाने घालण्याची पद्धत म्हणूनच सदोष ठरते.

कॅल्शियमच्या बाबतीत ससा इतर पाळीव प्राण्यांहून वेगळा आहे. बहुतेक प्राण्यांचे आतडे शरीराच्या गरजेपुरतेच कॅल्शियम शोषून घेते. सशाचे आतडे मात्र आहारात असेल त्या प्रमाणात ते शोषते आणि जादा भाग मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. त्यामुळे सशाचे मूत्र पुष्कळदा पांढरट, गढूळ किंवा दाट दिसते. नवखे पालक ते पाहून घाबरतात. परंतु तो बहुधा कॅल्शियमचा उत्सर्ग असतो, रोग नव्हे. असे मूत्र सातत्याने फार दाट राहिले, तर आहारात कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त होत आहे, एवढा अर्थ त्यातून घ्यावा.

उलटपक्षी, गर्भकाळाच्या अखेरीस किंवा व्याल्यानंतर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्यास मादी खाणे सोडते, स्नायू थरथरतात, कान फडफडतात आणि ती एका कुशीवर पडून राहते. गाई-म्हशींतील दुग्धज्वराशी मिळताजुळता हा विकार आहे. पशुवैद्यकाने कॅल्शियमचे इंजेक्शन वेळेवर दिल्यास मादी काही तासांत सावरते. विलंब झाल्यास ती दगावते.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. धान्य व कोंडा यांतील बराचसा स्फुरद अशा संयुगात अडकलेला असतो की, कोंबडीसारख्या प्राण्याला त्याचा पुरता उपयोग होत नाही. सशाच्या अंधांत्रातील सूक्ष्मजीव हे संयुग फोडतात. शिवाय ससा आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि अशा रीतीने मोकळ्या झालेल्या स्फुरदाचा लाभ घेतो. मऊ लेंड्या खाणे ही घाणेरडी खोड नसून त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. ब गटातील जीवनसत्त्वेही त्याला याच मार्गाने मिळतात.

सूक्ष्म खनिजांचे कार्य

काही खनिजे अत्यल्प प्रमाणात लागतात. परंतु ती नसली तर प्रजननाचे चक्रच अडते. त्यांत जस्ताचा क्रम वरचा आहे. आहारात जस्ताची तीव्र उणीव असल्यास माद्या नराला स्वीकारत नाहीत आणि बीजमोचन होत नाही. केस गळणे, कातडी खडबडीत होणे आणि खाणे मंदावणे ही तिची बाह्य लक्षणे होत. नरामध्ये वृषणाची वाढ व शुक्रजंतूंची निर्मिती यांसाठीही जस्त आवश्यक असते. सर्वसाधारणपणे किलोभर आहारात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असावे असे मानले जाते. महाराष्ट्रातील अनेक भागांत माती परीक्षणातून जमिनीत जस्ताची कमतरता दिसून आली आहे. अशा जमिनीतील चाऱ्यावरच पोसल्या जाणाऱ्या जनावरांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष पुरवणे इष्ट ठरते.

मँगनीज कमी पडल्यास वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात व हाडे ठिसूळ होतात. तांबे कमी पडल्यास रक्तक्षय होतो आणि गडद रंगाचे केस फिके पडतात. लोहाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय केली आहे. मादीला आहारातून पुरेसे लोह मिळत असेल, तर पिल्ले यकृतात लोहाचा साठा घेऊनच जन्मतात. त्यामुळे डुकराच्या पिल्लांप्रमाणे त्यांना लोहाचे इंजेक्शन द्यावे लागत नाही.

आयोडीनच्या संदर्भात सशाने वैद्यकशास्त्राच्या इतिहासातच स्थान मिळवले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे अॅलन चेस्नी व त्यांचे सहकारी सशांवर अन्य प्रयोग करीत होते. त्या सशांच्या गळ्यातील अवटू ग्रंथी सुजलेल्या आढळल्या. शोध घेता सशांना मुख्यतः कोबीच दिला जात होता असे दिसून आले. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून, काही वनस्पतींमध्ये गलगंड निर्माण करणारे घटक असतात, या विषयाच्या अभ्यासाला चालना मिळाली. ससेपालकासाठी यातील धडा सरळ आहे. भाजीबाजारातील कोबी व फ्लॉवर यांचा पाला फुकट मिळतो म्हणून रोज तोच देणे योग्य नव्हे. आयोडीनची उणीव झाल्यास गाभण मादीच्या पिल्लांवर परिणाम होतो. ती अशक्त किंवा मृत जन्मू शकतात. आहारात वैविध्य ठेवणे आणि खुराकात आयोडीनयुक्त मीठ घालणे हा यावरील स्वस्त उपाय आहे.

पालकांच्या अनुभवातील आणखी एक वनस्पती म्हणजे सुबाभूळ. १९७० व १९८० च्या दशकांत चारा आणि जळण यांसाठी तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार झाला. तिचा पाला प्रथिनांनी समृद्ध आहे. परंतु त्यातील मायमोसीन या घटकामुळे तो अधिक प्रमाणात दिल्यास केस गळतात, वाढ खुंटते आणि प्रजननावरही अनिष्ट परिणाम होतो. सुबाभळीचा पाला हिरव्या चाऱ्याच्या लहानशा हिश्श्यापुरताच ठेवावा. संकरित नेपिअर गवत आणि भाताचा पेंढा यांत ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यामुळे केवळ अशा चाऱ्यावर ठेवलेल्या मादीला कॅल्शियम अधिकच कमी पडते.

घरच्या खुराकाचा हिशेब

ग्रामीण भागातील पालक बहुधा स्वतःच खुराक तयार करतात. समजा, शंभर किलो खुराकात भरडलेला मका ४० किलो, गव्हाचा कोंडा ३७.५ किलो, शेंगदाणा पेंड २० किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ अर्धा किलो आहे. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. गव्हाच्या कोंड्यात ते ०.१३ टक्क्याच्या व पेंडीत ०.२ टक्क्याच्या आसपास असते. खनिज मिश्रण वगळल्यास या संपूर्ण खुराकात कॅल्शियम जेमतेम ०.१ टक्का भरते. स्फुरद मात्र कोंड्यामुळे सुमारे ०.६ टक्का असतो. म्हणजेच घरच्या खुराकात स्फुरद पुरेसा असतो. खरी वाण असते ती कॅल्शियमची.

आता दुभत्या मादीचा एका दिवसाचा हिशेब पाहू. तिला १५० ग्रॅम खुराक आणि ४०० ग्रॅम हिरवा चारा दिला, तर चाऱ्यातील पाणी वजा जाता सुमारे २३० ग्रॅम कोरडे अन्न तिच्या पोटात जाते. १९७७ च्या कोष्टकानुसार तिची कॅल्शियमची गरज दिवसाला सुमारे १.७ ग्रॅम येते.

पहिल्या पालकाने हिरवा चारा म्हणून साधे गवत दिले आणि खुराकात खनिज मिश्रण घातले नाही. त्याच्या मादीला खुराकातून ०.१५ ग्रॅम आणि गवतातून सुमारे ०.३२ ग्रॅम, असे एकूण अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी कॅल्शियम मिळाले. गरजेच्या एक तृतीयांशही पुरवठा झाला नाही.

दुसऱ्या पालकाने गवतच दिले, परंतु २० टक्के कॅल्शियम असलेले खनिज मिश्रण शंभर किलोस दोन किलो या प्रमाणात घातले. त्याच्या मादीला सुमारे १.०७ ग्रॅम मिळाले. सुधारणा झाली, तरीही उणीव राहिली. त्याने एक किलो कोंडा कमी करून त्याऐवजी एक किलो खाद्योपयोगी चुनखडीची भुकटी घातली असती, तर हा आकडा १.६ ग्रॅमच्या पुढे गेला असता.

तिसऱ्या पालकाने साध्या गवताऐवजी लसूणघास दिला. लसूणघासाच्या कोरड्या भागात कॅल्शियम १.४ टक्क्याच्या सुमारास असते. त्यामुळे चाऱ्यातूनच १.१२ ग्रॅम मिळाले. खुराकातील खनिज मिश्रणाचे ०.७५ ग्रॅम त्यात मिळवल्यास बेरीज १.८७ ग्रॅम होते. गरज पूर्ण झाली आणि चुनखडीचे काम उरले नाही.

हे आकडे स्थूल आहेत. चाऱ्याची जात, कापणीची अवस्था व जमीन यांनुसार ते बदलतात. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. खनिज मिश्रण किती घालावे, याचे उत्तर हिरवा चारा कोणता आहे यावर अवलंबून असते. ज्याच्या बांधावर लसूणघासाचा लहानसा वाफा आहे, त्याने निम्मी लढाई जिंकलेली असते. हाच लसूणघास रिकाम्या माद्यांना मात्र भरमसाट देण्याचे कारण नाही. त्यांची गरज साध्या गवताने व थोड्या खुराकाने भागते.

सूक्ष्म खनिजांबाबतही असाच हिशेब करता येतो. ०.८ टक्का जस्त असलेले मिश्रण शंभर किलोस दोन किलो घातले, तर दर किलो खुराकात १६० मिलिग्रॅम जस्त जाते. वर सांगितलेल्या प्रमाणात चारा व खुराक मिळणाऱ्या मादीच्या एकूण आहारात ते गरजेच्या दुपटीइतके होते. म्हणून असे मिश्रण नेमाने दिले जात असताना वेगळी जस्ताची पूड विकत आणणे हा निव्वळ अपव्यय होय.

मिश्रण खुराकात सारखे मिसळणे हीसुद्धा महत्त्वाची बाब आहे. दोन किलो पूड शंभर किलोंच्या ढिगावर टाकून फावड्याने हलवल्यास काही पिंजऱ्यांत पूडच पूड आणि काहींत काहीच नाही असा प्रकार होतो. प्रथम ती दोन-तीन किलो कोंड्यात हाताने मिसळावी, नंतर ते मिश्रण दहा-पंधरा किलो खुराकात आणि अखेरीस संपूर्ण ढिगात मिसळावे. ससा दाणे वेचून खातो आणि बारीक पूड भांड्याच्या तळाशी राहते. म्हणून खुराक देतेवेळी त्यावर पाण्याचा हलका हबका मारावा व उरलेला ओला खुराक त्याच दिवशी काढून टाकावा.

अतिरेकाचे धोके

थोड्याने गुण येतो, तर जास्तीने अधिक येईल, ही समजूत खनिजांच्या बाबतीत घातक ठरते. कॅल्शियम दीर्घकाळ फार झाले तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मऊ अवयवांत क्षार साचू लागतात. शिवाय जादा कॅल्शियम जस्ताच्या शोषणात अडथळा आणते. म्हणजे चुनखडी वाढवणारा पालक नकळत जस्ताची उणीव ओढवून घेतो. स्फुरद एक टक्क्याच्या पुढे गेल्यास ससे खुराक नीट खात नाहीत. तांबे अल्प प्रमाणात आवश्यक असले तरी अधिक प्रमाणात ते विषारी असते.

खनिजांसोबत दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या द्रव औषधांबाबतही सावधगिरी हवी. अ जीवनसत्त्वाची उणीव झाली तर गर्भ जिरतो, गर्भपात होतो किंवा डोक्यात पाणी झालेली पिल्ले जन्मतात; आणि ते फार अधिक झाले तरीही नेमकी हीच लक्षणे दिसतात. लक्षण पाहून पालक मात्रा वाढवतो आणि विकार बळावतो. हिरवा चारा नियमित मिळणाऱ्या सशांना असे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. ई जीवनसत्त्व कमी पडल्यास स्नायू दुर्बल होतात व वंध्यत्व येते. इतर जनावरांत सेलेनियम ही उणीव काही अंशी भरून काढते. सशात ते तितके उपयोगी पडत नाही. ताजा हिरवा पाला हाच त्यासाठी उत्तम मार्ग होय.

खताच्या प्रतीचा फॉस्फेट जनावरांना कधीही देऊ नये, कारण त्यात फ्लोरीन अधिक असते. त्याचप्रमाणे गाई-म्हशींसाठी तयार केलेले युरियायुक्त पशुखाद्य अथवा मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेले कोंबडीखाद्य सशांना घालू नये. पिशवीवरील घटकांचा तक्ता वाचण्याची सवय पालकांना लावणे आवश्यक आहे.

खनिजांनी न सुटणारे प्रश्न

माद्या गाभण न राहण्याची कारणे पुष्कळदा आहाराबाहेरच असतात. त्यांत उष्णता हे प्रमुख कारण होय. सशाला घाम जवळजवळ येत नाही. तो कानांवाटे व जलद श्वासावाटे शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पंधरा ते वीस अंश सेल्सिअसच्या सुमाराचे तापमान त्याला मानवते. तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास होतो, खाणे घटते आणि नराच्या वीर्याची प्रत उतरते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे मुख्यालय राजस्थानातील अविकानगर येथे आहे. परंतु तिची हिमाचल प्रदेशातील गरसा व तमिळनाडूतील मन्नावनूर ही केंद्रे थंड डोंगराळ प्रदेशात आहेत. तेथे ससे ज्या सुखाने नांदतात, ते सुख विदर्भातील किंवा मराठवाड्यातील पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात मिळणे शक्य नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नराच्या शरीरात शुक्रजंतू तयार होण्यास साधारणतः सात आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यातील उन्हाचा परिणाम जून-जुलैपर्यंत टिकतो. पाऊस पडून हवा थंड झाली, तरी माद्या गाभण राहत नाहीत. अशा वेळी पालक पूड आणतो; ऑगस्टमध्ये माद्या आपोआप गाभण राहू लागतात आणि श्रेय पुडीला मिळते. छपरावर गवत किंवा पाचट अंथरणे, पश्चिमेस झाडे लावणे, खेळती हवा व थंड पाणी ठेवणे आणि संयोग पहाटे किंवा संध्याकाळी घडवणे, हे उपाय उन्हाळ्यात कोणत्याही पुडीहून अधिक गुणकारी ठरतात.

अंधाऱ्या शेडमध्ये माद्या नराला स्वीकारत नाहीत. त्यांना दिवसाला चौदा ते सोळा तास प्रकाश मिळावा. फार लठ्ठ झालेली मादी सहजी गाभण राहत नाही. मध्यम जातीची मादी पाच ते सहा महिन्यांची होण्यापूर्वी भरवू नये. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला मादीच्या पिंजऱ्यात नेऊ नये. एकाच नराकडून रोज अनेक संयोग घेणे टाळावे. निष्फळ संयोगानंतर सोळा ते अठरा दिवस खोटी गर्भधारणा राहू शकते. या काळात मादी व्यर्थच केस उपटून घरटे करते. बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतील अफ्लाटॉक्सिन या विषाला ससा विशेष बळी पडतो. अशी पेंड वापरात असेल, तर कितीही उत्तम खनिज मिश्रण घातले तरी उपयोग नाही.

नोंदवहीची आवश्यकता

कारण कोणते, हे ओळखण्याचे साधन म्हणजे साधी नोंदवही. प्रत्येक मादीच्या पिंजऱ्यावर क्रमांक असावा. संयोगाची तारीख, नराचा क्रमांक, बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपून केलेली गर्भतपासणी, व्याल्याची तारीख, जिवंत व मृत पिल्ले आणि आईपासून तोडलेली पिल्ले, एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत. एकाच नराकडून भरवलेल्या माद्याच रिकाम्या राहत असतील, तर दोष नरात आहे. उन्हाळ्यानंतरच घट दिसत असेल, तर दोष उष्णतेचा आहे. वर्षभर, सर्व नरांकडून आणि विशेषतः तिसऱ्या-चौथ्या वेतापासून घट दिसत असेल, तर आहाराकडे वळावे.

नवे मिश्रण खरोखर उपयोगी आहे काय, याची पडताळणीही याच वहीत करता येते. सारख्या वयाच्या व वेतांच्या माद्यांचे दोन गट करावेत. दोन्ही गटांना तेच नर, तोच चारा, तेच शेड ठेवावे. एका गटाच्या खुराकात नवे मिश्रण घालावे, दुसऱ्याचा खुराक पूर्वीचाच ठेवावा. किमान तीन वेतांची तुलना करावी. सर्व माद्यांना एकाच वेळी पूड सुरू केल्यास बदल पुडीमुळे झाला की ऋतूमुळे, हे कधीच कळत नाही. पाच-सहा माद्यांवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. परंतु विक्रेत्याच्या शब्दापेक्षा स्वतःची वही अधिक विश्वासार्ह असते.

लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

शाळेतील शिक्षकांना या विषयात गणित आणि विज्ञान यांची सांगड घालण्याची उत्तम संधी आहे. वर दिलेला खुराकाचा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना शेकडेवारीचे उदाहरण म्हणून देता येईल. घरच्या पिंजऱ्यांची नोंदवही तेच विद्यार्थी ठेवू शकतील. पंचायत सदस्यांनी ससेपालनाच्या प्रस्तावांचा विचार करताना पिंजरे व जनावरे यांच्या किमतीबरोबरच हिरव्या चाऱ्याची सोय, सावली, पाणी आणि खात्रीची बाजारपेठ यांची चौकशी करावी. शेत-शिवारातील रानससा हा वेगळा प्राणी असून त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडून पाळणे हा गुन्हा होय, याचीही जाणीव ग्रामसभेत करून द्यावी. पशुसंवर्धन विभागाच्या अधिकाऱ्यांनी प्रशिक्षण वर्गात खनिज मिश्रणाची पिशवी केवळ वाटू नये. तिच्यावरील तक्ता कसा वाचावा आणि आपल्या चाऱ्याशी तिचा मेळ कसा घालावा, हेही शिकवावे.

खनिजे हा प्रजननाचा पाया आहे; परंतु पाया म्हणजे संपूर्ण घर नव्हे. लसूणघासाचा वाफा, मोजून घातलेले क्षार, थंड शेड, निरोगी नर आणि प्रामाणिकपणे ठेवलेली नोंदवही ही पाचही एकत्र आली, तरच कागदावरील तीस पिल्ले पिंजऱ्यात दिसू लागतील. यांतील चार गोष्टी पैशाने विकत मिळत नाहीत. त्यांना लक्ष आणि श्रम लागतात. पाचवी, म्हणजे क्षारांची पूड, विकत मिळते; आणि म्हणूनच ती किती घालावी हे पालकाला स्वतः मोजता आले पाहिजे.